सेमाडोह परिसरातील पदभ्रमण करणाऱ्यांसाठी शाश्वत निवारा : हवामान, स्थानिक साहित्य व आराखड्याची तत्त्वे

गोषवारा

सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील सेमाडोह हे मेळघाटच्या अरण्यातील महत्त्वाचे ठिकाण होय. उन्हाळ्यातील प्रखर उष्मा, पावसाळ्यातील संततधार आणि हिवाळ्यातील दरीत साचणारी थंडी अशा तीन परस्परविरोधी परिस्थितींना येथील कोणत्याही वास्तूस तोंड द्यावे लागते. प्रस्तुत लेखात या परिसरात पायी भ्रमंती करणाऱ्या सुमारे बारा व्यक्तींसाठी लहान निवारा उभारावयाचा झाल्यास त्याची जागा, दिशा, छप्पर, भिंती, पाणी, ऊर्जा व स्वच्छता यांचा विचार कोणत्या तत्त्वांवर व्हावा, याचे विवेचन केले आहे. वऱ्हाडातील धाब्याचे घर आणि कोरकू समाजाचे कुडाचे घर या दोन परंपरांची तुलना हा या विवेचनाचा पाया आहे. अशा निवाऱ्याचा खरा कस त्याच्या बांधकामात नसून तो अरण्यावर आणि शेजारच्या गावावर किती भार टाकतो यात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. प्रस्तावना

वाटसरूला रात्रीपुरता आसरा देणे ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई इत्यादी ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. पायी आलेल्या गोरगरिबाला डोक्यावर छप्पर, प्यावयास पाणी आणि स्वच्छ परिसर मिळावा, एवढीच त्यामागील अपेक्षा होती. सह्याद्रीत गिरिभ्रमण करणारे आजही हरिश्चंद्रगडासारख्या गडांवरील लेण्यांत व मंदिरांत मुक्काम करतात. तेथे निवारा आधीच अस्तित्वात असतो. त्याचा केवळ वापर करावयाचा असतो.

परदेशातही या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरे आढळतात. स्कॉटलंडमध्ये मेंढपाळांची व शेतकऱ्यांची ओस पडलेली दगडी घरे दुरुस्त करून ती भटकंती करणाऱ्यांसाठी खुली ठेवली जातात. त्यासाठी १९६५ पासून एक स्वयंसेवी संस्था कार्यरत आहे. याउलट स्वित्झर्लंडमध्ये समुद्रसपाटीपासून २,८८३ मीटर उंचीवर २००९ मध्ये उभी राहिलेली माँटे रोझा ही पर्वतकुटी झुरिक येथील तंत्रविद्यापीठाच्या सहभागाने, आपल्या गरजेची बहुतांश ऊर्जा स्वतः निर्माण करण्याच्या उद्देशाने उभारण्यात आली. एक उत्तर जुन्या वास्तूच्या पुनर्वापराचे, तर दुसरे प्रगत तंत्रज्ञानाचे. सेमाडोहसाठी यांपैकी कोणतेही उत्तर जसेच्या तसे उपयोगाचे नाही. येथे थंडीपेक्षा उष्णता हा मोठा शत्रू आहे, आणि ज्या भूमीवर निवारा उभा राहावयाचा ती वाघ, अस्वल व रानगवा यांच्या वावराची भूमी आहे.

२. परिसराचे स्वरूप व हवामान

मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून त्याची स्थापना १९७३-७४ मध्ये झाली. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर, सिपना नदीच्या खोऱ्यात सेमाडोह वसले आहे. सिपना हा कोरकू भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ साग असा सांगितला जातो. नदीकाठचे सागवन पाहता हे नाव सार्थ वाटते. खंडू, खापरा, सिपना, गाडगा व डोलार या मेळघाटातील प्रमुख नद्या असून त्या सर्व अखेर तापीस मिळतात. जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची आहे. वनाचा प्रकार शुष्क पानझडी असून सागासोबत ऐन, धावडा, तेंदू, मोह, हलदू व बांबू आढळतात.

वास्तुरचनेच्या दृष्टीने येथील वर्षाचे तीन भाग पडतात. मार्च ते मध्य जूनपर्यंत हवा कोरडी व अतिशय तप्त असते आणि पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. याच काळात साग निष्पर्ण झालेला असल्याने झाडांची सावली सर्वांत कमी असते. म्हणजे सावलीची गरज सर्वाधिक असताना निसर्गाची छत्री मिटलेली असते. जून ते सप्टेंबर या काळात १,००० मिलिमीटर व त्याहून अधिक पाऊस पडतो आणि हवेत आर्द्रता दाटून राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रात्री उतारावरील थंड, जड हवा खाली उतरून नदीखोऱ्यात साचते. त्यामुळे दिवसा सुखद वाटणारी दरी पहाटे कडाक्याची गार होते.

हवामानानुसार वास्तुरचना हा विषय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रीय पायावर उभा राहिला. व्हिक्टर ओल्गे यांचा या विषयावरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर कार्ल महोनी यांनी तापमान, आर्द्रता व पाऊस यांच्या मासिक आकड्यांवरून भिंत जाड असावी की हलकी, खिडक्या मोठ्या असाव्यात की लहान, हे ठरविण्याची तक्त्यांची पद्धत विकसित केली. अशा पद्धतीने सेमाडोहकडे पाहिल्यास एक अडचण प्रकर्षाने पुढे येते. कोरडा उन्हाळा व गार हिवाळा जाड भिंती मागतात, तर दमट पावसाळा हलक्या भिंती व वाहती हवा मागतो. एकाच खोलीकडून या दोन्ही मागण्या पूर्ण होणे अशक्यप्राय आहे.

३. परंपरेतील दोन धडे

या अडचणीवर अमरावती-अकोला परिसरातील लोकांनी फार पूर्वीच दोन वेगवेगळी उत्तरे शोधली आहेत. वऱ्हाडच्या सपाट प्रदेशात धाब्याचे घर प्रचलित होते. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडी कड्यांवर मातीचा थर दिलेले सपाट छप्पर आणि लहान खिडक्या ही त्याची वैशिष्ट्ये होत. माती दिवसाची उष्णता हळूहळू शोषते, त्यामुळे दुपारी आतील खोली गार राहते. रात्री मात्र तीच भिंत उष्णता बाहेर टाकू लागते. म्हणूनच उन्हाळ्यात माणसे घरात न झोपता धाब्यावर किंवा अंगणात झोपत. घराची उणीव राहणीच्या रीतीने भरून काढली जात होती.

घाट चढून मेळघाटात आल्यावर घराचे स्वरूप पालटते. ऑस्ट्रोआशियाई भाषाकुलातील कोरकू भाषा बोलणाऱ्या कोरकू समाजाच्या गावात एका रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर घरांच्या रांगा असतात. सागाचे खांब, बांबू विणून त्यावर माती व शेण लिंपलेल्या कुडाच्या भिंती, आणि गवताचे किंवा कवेलूंचे उतरते छप्पर अशी ही रचना असते. कुडाची भिंत पातळ असल्याने ती उष्णता साठवून ठेवत नाही. सूर्यास्तानंतर घर लवकर निवते. उतरत्या छपरामुळे पावसाचे पाणी त्वरित वाहून जाते. दुरुस्तीचे सर्व सामान पायी अंतरावर मिळते, आणि घर पडले तर त्याची माती पुन्हा मातीतच मिसळते.

या दोन घरांत श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न निरर्थक आहे. धाब्याचे घर दिवसा वापरण्यास उत्तम आहे, तर कुडाचे घर उन्हाळ्यातील रात्रीसाठी अधिक सोयीचे आहे. यातून निष्पन्न होणारे सूत्र असे की, भिंतीचे साहित्य ठरविण्यापूर्वी त्या जागेचा वापर कोण, कोणत्या ऋतूत व कोणत्या वेळी करणार हे ठरविणे आवश्यक आहे.

४. निवाऱ्याच्या वापराचे वेळापत्रक

पदभ्रमण करणारा पांथस्थ सकाळी लवकर निघतो, दुपारी विसावतो आणि सायंकाळपूर्वी मुक्कामी पोहोचतो. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात पायी फिरणे हे परवानगी असलेल्या वाटेवर, स्थानिक मार्गदर्शकासोबत आणि दिवसाच शक्य असते. अंधार पडल्यानंतर बाहेर पडणे सर्वस्वी वर्ज्य मानले पाहिजे. याचा अर्थ निवाऱ्याचा मुख्य वापर संध्याकाळ ते सकाळ असा सलग बारा तासांचा आहे.

या साध्या निरीक्षणातून आराखड्याच्या दोन महत्त्वाच्या अटी निघतात. पहिली अट अशी की, उन्हाळ्यातील झोपण्याची जागा हलकी, उघडी व लवकर निवणारी असावी. हिवाळ्यातील झोपण्याची जागा मात्र दिवसाची ऊब साठवून रात्री देणारी असावी. म्हणजे एकाच छपराखाली दोन भिन्न स्वभावांच्या जागा हव्यात. दुसरी अट अशी की, शौचालय व पाणी यांसाठी रात्री कोणासही अंगणात उतरावे लागू नये. विश्रामगृहांत शौचालय मुख्य इमारतीपासून दूर ठेवण्याची जुनी रीत होती; वन्य श्वापदांच्या प्रदेशात ती रीत जिवावर बेतू शकते.

५. जागेची निवड

उत्तम आराखडाही चुकीच्या जागी निष्फळ ठरतो. सिपनेचा काठ रमणीय असला तरी तो टाळणे इष्ट होय. पावसाळ्यात नदी अल्पावधीत फुगते, हिवाळ्यात थंड हवा तेथेच साचते, आणि उन्हाळ्यात पाण्याचे उरलेसुरले डोह हे वन्य प्राण्यांचे एकमेव आधार असतात. पाण्याजवळ माणसाचा रात्रीचा वावर म्हणजे प्राण्यांना पाण्यापासून वंचित करणे होय. टेकडीचा माथाही वारा व वीज यांमुळे योग्य नाही. दरीच्या तळापासून काही अंतर वर, मध्य उतारावरील नैसर्गिक सपाटी ही सर्वांत समतोल जागा ठरते.

झाडांकडे पाहूनही जागा निवडावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळू लागली की पहाटे अस्वले त्या झाडाखाली येतात आणि त्याच वेळी गावातील स्त्रियाही फुले वेचावयास येतात. म्हणून मोहाच्या झाडाजवळ निवारा नको. वन्य प्राण्यांच्या नेहमीच्या वाटांनाही हाच नियम लागू होतो. जळाऊ पालापाचोळ्याची समस्या त्याहून गंभीर आहे. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. सागाची वाळलेली पाने या काळात जमिनीवर जाड थराने पसरलेली असतात. निवाऱ्याभोवती पालापाचोळा काढून स्वच्छ ठेवलेला जाळरेषेसारखा पट्टा अनिवार्य समजावा.

पक्ष्यांचाही विचार आवश्यक आहे. नामशेष झाला असे समजला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा आढळला आणि पुढे मेळघाटातही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. विरळ सागवनात राहणारा हा पक्षी वठलेल्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. त्यामुळे जागा मोकळी करताना ‘निरुपयोगी’ म्हणून वठलेले झाड तोडणे हे सर्वांत मोठे नुकसान ठरू शकते.

६. आराखडा

६.१ दिशा व वळचण : सेमाडोहचा अक्षांश सुमारे २१.५ अंश उत्तर आहे. त्यामुळे मध्यान्ही सूर्याची क्षितिजापासूनची उंची २१ डिसेंबरच्या सुमारास ४५ अंश, विषुवदिनी सुमारे ६८.५ अंश, तर जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर असते. इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवून दक्षिण भिंतीवर एक मीटरची वळचण काढली असता विषुवदिनी मध्यान्ही सुमारे २.५ मीटर खोल सावली पडते. भिंतीची उंची २.४ मीटर असेल तर मार्च ते सप्टेंबर या काळात ती मध्यान्ही पूर्णपणे सावलीत राहते. डिसेंबरमध्ये मात्र सावली वरच्या एक मीटरपुरतीच पडते आणि खालच्या १.४ मीटर भागावर ऊन येते. एकच वळचण उन्हाळ्यात ऊन अडविते व हिवाळ्यात आत घेते. यासाठी कोणत्याही यंत्राची गरज पडत नाही.

पूर्व व पश्चिम भिंतींवर ऊन तिरपे येत असल्याने वळचण तेथे अपुरी पडते. म्हणून या बाजू आखूड ठेवाव्यात. पश्चिमेकडे दुपारचे ऊन आणि पावसाळ्यातील वाऱ्यासोबत येणारी झड या दोहोंचा मारा असतो; तेथे सामानाची खोली, स्वयंपाकाची जागा व शौचालय यांचा पट्टा ठेवल्यास तो ढालीसारखे काम करतो.

६.२ दोन स्वभावांची जागा : दक्षिणेस ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद अशी आतील खोली आणि तिला लागून उत्तरेस ६ मीटर लांब व ३ मीटर रुंद ओसरी, अशी रचना प्रस्तावित करता येईल. आतील खोलीची दक्षिण भिंत ३० ते ३५ सेंटीमीटर जाडीची मातीची असावी. अशा जाडीच्या भिंतीतून उष्णता आतल्या बाजूस पोहोचण्यास सुमारे दहा तास लागतात. हिवाळ्यात दुपारी तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत ऊब देते, आणि उन्हाळ्यात ती मध्यान्ही सावलीत असल्याने तुलनेने कमी तापते. त्यामुळे दुपारच्या विसाव्यासाठी तीच खोली उपयोगी पडते. खोलीच्या उरलेल्या भिंती कुडाच्या असाव्यात. उत्तरेकडील ओसरी जमिनीपासून उंच, बांबूच्या तट्ट्यांनी व जाळीने बंद करता येण्याजोगी ठेवावी. उन्हाळ्यात व पावसाळ्यात झोपण्याची मुख्य जागा तीच होय. अशा प्रकारे धाब्याचे घर व कुडाचे घर एका छपराखाली आणता येतात.

मातीची निवडही महत्त्वाची आहे. काळी कपाशीची माती ओली झाली की फुगते व वाळली की भेगाळते. भिंतीस ती वर्ज्य होय. भिंतीसाठी मुरूममिश्रित किंवा पांढरी माती व भुसा यांचे मिश्रण योग्य ठरते.

६.३ छप्पर : सूर्य माथ्यावर असताना उष्णतेचा सर्वाधिक भार भिंतींवर नव्हे तर छपरावर येतो. गवताचे छप्पर उष्णतारोधक असले तरी वणव्याच्या काळात एका ठिणगीने पेटू शकते, आणि त्यावरून आलेले पाणी पिण्यास योग्य राहत नाही. कवेलू सुंदर व थंड असतात. परंतु माकडांच्या उड्यांनी ती फुटतात व दरवर्षी फेरावी लागतात, हा विदर्भातील खेड्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे. याच कारणाने अनेक घरांवर कवेलू जाऊन टिनाचे पत्रे आले. पर्यावरणपूरक वास्तूच्या चर्चेत टिनाचा पत्रा बहुधा दोषी ठरविला जातो. सेमाडोहच्या परिस्थितीत मात्र त्याचे तीन गुण निर्णायक ठरतात : तो पेटत नाही, माकडांनी फुटत नाही आणि स्वच्छ पाणी गोळा करतो. शिवाय निवारा हलवावयाचा झाल्यास तो पुन्हा वापरता येतो.

पत्र्याचे दोष दूर करण्यासाठी त्याखाली दुसरे छत द्यावे. पत्र्यापासून सुमारे ३० सेंटीमीटर खाली बांबूचा तट्टा बांधून त्यावर मातीचा पातळ लेप द्यावा. मधली पोकळी वळचणीस व आढ्याजवळ उघडी ठेवल्यास तापलेली हवा वरून निघून जाते व खालून नवी हवा येते. या उघड्या जागांना बारीक जाळी लावल्यास वटवाघळे, साप व उंदीर यांना अटकाव होतो. मातीच्या लेपामुळे पावसाचा पत्र्यावरील आवाजही बराच कमी होतो. पत्र्याचा रंग फिकट परंतु चमकरहित असावा, जेणेकरून तो उष्णता परावर्तित करील आणि दुरून डोळ्यांत भरणार नाही.

६.४ जोते व सांगाडा : स्थानिक काळ्या दगडाचे ६० ते ७५ सेंटीमीटर उंचीचे जोते ओलावा, वाळवी व सरपटणारे प्राणी या तिन्हींपासून संरक्षण देते. खांब जमिनीत न पुरता दगडी बैठकीवर उभे करावेत. पुरलेला खांब प्रथम जमिनीच्या पातळीवरच कुजतो. सांधे नटबोल्टचे असल्यास एखादा भाग बदलणे किंवा संपूर्ण सांगाडा उतरविणे शक्य होते. हलक्या सांगाड्याचा आणखी एक लाभ आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये धारणी तालुक्यातील साद्राबाडी परिसरात भूकंपाचे सौम्य धक्के जाणवले होते. जड छप्पर टाळणे या दृष्टीनेही श्रेयस्कर होय.

७. बांबू : साहित्य व कौशल्य

बांबू हे मेळघाटचे सहज उपलब्ध व लवकर वाढणारे साहित्य आहे. त्याविषयीची मुख्य तक्रार टिकाऊपणाची असते, आणि ती बहुतांशी प्रक्रियेच्या अभावातून उद्भवते. बांबूतील पिष्टमय पदार्थ भुंगेऱ्यांना आकर्षित करतात. म्हणून तीन ते चार वर्षे वयाचा पक्व बांबू पावसाळा संपल्यानंतर, हिवाळ्यात तोडणे हिताचे असते. पुढे बोरॅक्स व बोरिक आम्ल यांच्या १.५ : १ प्रमाणातील द्रावणात तो भिजविल्यास कीड व बुरशी यांपासून संरक्षण मिळते. ही द्रव्ये पाण्यात विरघळणारी असल्याने प्रक्रिया केलेला बांबूही पावसात उघडा राहता कामा नये. वळचण व जोते यांचे महत्त्व येथे पुन्हा अधोरेखित होते.

या कौशल्यासाठी बाहेर पाहण्याची गरज नाही. धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी कारागिरांच्या हातच्या कलेला बांधकामाचे रूप दिले. सुनील देशपांडे यांचे २०२१ मध्ये निधन झाले. तथापि मेळघाटातील बांबू हा केवळ टोपल्यांपुरता मर्यादित नसून घर उभे करू शकतो, हे या कार्याने दाखवून दिले. सिमेंट व सळई घाटरस्त्याने वर आणण्यात जो खर्च होतो तो वाहतूकदाराकडे जातो. बांबू व मातीच्या कामातील खर्च मजुरीच्या रूपाने गावातच राहतो. लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी केरळात आयुष्यभर मांडलेला विचार हाच होता.

८. पाणी

मेळघाटात पाऊस भरपूर पडतो आणि तरीही उन्हाळ्यात अनेक गावांतील स्त्रियांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते. बेसाल्टचा कठीण खडक पाणी फारसे धरून ठेवत नाही, उतारावरून ते लवकर वाहून जाते. अशा स्थितीत हौसेने आलेल्या पाहुण्यांसाठी गावाच्या विहिरीतून पाणी उपसणे नैतिकदृष्ट्या असमर्थनीय आहे. निवाऱ्याने आपले पाणी आपणच साठवावे, हा नियम येथे अपवादरहित असावा.

हे शक्य आहे काय, याचे गणित सोपे आहे. पश्चिमेकडील दोन मीटरचा पट्टा धरून इमारत ८ × ७ मीटर होते. चोहोबाजूंच्या एक मीटर वळचणीसह छपराचे आडवे क्षेत्रफळ १० × ९, म्हणजे ९० चौरस मीटर भरते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वार्षिक पाऊस केवळ १,००० मिलिमीटर धरला आणि वीस टक्के पाणी वाया जाते असे मानले, तरी ७२,००० लिटर पाणी मिळू शकते. पिणे, स्वयंपाक व हात-तोंड धुणे यांसाठी प्रतिव्यक्ती प्रतिदिन १० लिटर धरल्यास बारा व्यक्तींना दररोज १२० लिटर पाणी लागेल. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत १५० दिवस निवारा पूर्ण भरलेला असेल असे गृहीत धरले तरी १८,००० लिटर पुरेसे होतात. म्हणजे २०,००० लिटरची झाकलेली टाकी हे काम भागवू शकते. पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी बाजूला सोडण्याची व्यवस्था, गाळणी आणि पिण्यापूर्वी उकळणे किंवा निर्जंतुकीकरण आवश्यक आहे. या हिशोबात स्नानाचा समावेश नाही, हे पाहुण्यांना आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. टाकी भरलेली आहे तोवरच निवारा खुला, हे तत्त्व स्वीकारल्यास पाहुण्यांची संख्या निसर्गच ठरवील.

९. ऊर्जा व स्वच्छता

विजेची गरज अत्यल्प ठेवणे हाच ऊर्जेचा सर्वोत्तम स्रोत होय. पाच वॅटचे सहा दिवे पाच तास चालविल्यास १५० वॅट-तास आणि बारा भ्रमणध्वनींसाठी सुमारे १८० वॅट-तास, अशी एकूण गरज ३३० वॅट-तासांची आहे. १५० वॅट क्षमतेचा एक सौर पट्ट व योग्य विद्युतघट यांतून ती भागते. दिवे पिवळसर, मंद व खाली तोंड केलेले असावेत. रात्रीच्या काळोखाची सवय असलेल्या जीवांना पांढरा प्रकाश दूरवर त्रासदायक ठरतो. पाहुण्यांच्या स्वयंपाकासाठी सरपण वापरू नये. गावातील कुटुंबाची चूल आणि पर्यटकाची शेकोटी यांची तुलनाच होऊ शकत नाही.

शौचालयासाठी पाण्याचा वापर न करणारे, दोन कप्प्यांचे खत-शौचालय योग्य ठरते. एक कप्पा वापरात असताना दुसऱ्यातील मैला राख व पाचोळा यांच्या साहाय्याने कुजून निरुपद्रवी होतो. भेगा पडलेल्या खडकात शोषखड्डा घेतल्यास मैलापाणी झऱ्यापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. उंच जोत्यावरील बंद कप्प्यांमुळे तो टळतो. अन्नाचा उरलेला भाग अस्वले व माकडे यांना आकर्षित करतो आणि एकदा लागलेली ही सवय पुढे माणूस व प्राणी या दोघांनाही घातक ठरते. म्हणून घट्ट झाकणाची पेटी आणि आपला सर्व कचरा परत नेण्याची सक्ती हे दोन्ही आवश्यक आहे.

१०. कायदा, गाव व निवारा

२००६ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांचे गाभा क्षेत्र व बफर क्षेत्र यांना वैधानिक अर्थ प्राप्त झाला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये गाभा क्षेत्रातील पर्यटनास दिलेली अंतरिम स्थगिती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उठविली. तेव्हा अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभा क्षेत्रात पर्यटनासाठी नवे बांधकाम करता येत नाही. त्यामुळे येथे वर्णिलेला निवारा केवळ बफर क्षेत्रात, शक्यतो विद्यमान वस्तीलगत आणि आवश्यक परवानग्यांसहच कल्पिता येतो. अरण्याच्या गर्भात एकाकी कुटी हे चित्र कितीही मोहक असले तरी मेळघाटात ते अनुज्ञेयही नाही आणि इष्टही नाही. एखादी जुनी, वापराविना पडलेली इमारत उपलब्ध असल्यास तिची दुरुस्ती हा नव्या बांधकामापेक्षा नेहमीच श्रेयस्कर पर्याय होय.

याहून अवघड प्रश्न न्यायाचा आहे. वन्यजीवांना मोकळी जागा मिळावी म्हणून बोरी, कोहा व कुंड यांसारखी गावे मेळघाटच्या अंतर्भागातून बाहेर हलविण्यात आली. ज्या भूमीतून पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे उठली, त्याच भूमीत हौशी पाहुण्यांसाठी खाटा टाकणे कोणत्या तर्कात बसते, असा प्रश्न स्थानिकांनी विचारल्यास तो रास्तच म्हणावा लागेल. निवाऱ्याचे समर्थन त्याच्या सौंदर्यावर किंवा तंत्रावर होऊ शकत नाही. तो कोणाच्या मालकीचा, कोणाच्या निर्णयाने चालणारा आणि कोणास उत्पन्न देणारा आहे, यावरच ते अवलंबून राहील. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला. अमरावती जिल्ह्यातीलच पायविहीर या गावाने या अधिकाराचा उपयोग करून उजाड वनजमिनीचे पुनरुज्जीवन केले व २०१४ मध्ये त्यास जैवविविधता पुरस्कार लाभला. निवाऱ्याची संख्या, दर व बंद ठेवण्याचे दिवस ग्रामसभेने ठरवावेत, मार्गदर्शक व स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया गावातील असाव्यात आणि दुरुस्तीचे काम गावातील कारागिरांकडे असावे, ही रचना म्हणूनच आराखड्याचा भाग मानली पाहिजे, परिशिष्ट नव्हे.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१) सेमाडोहच्या तीन परस्परविरोधी ऋतूंना एकाच प्रकारची भिंत पुरी पडत नाही. जाड मातीची दक्षिण भिंत असलेली खोली आणि उत्तरेकडील हलकी ओसरी यांचा संयोग हे सुयोग्य उत्तर आहे.

२) कोणतेही साहित्य स्वतः शाश्वत किंवा अशाश्वत नसते. गवताचे छप्पर वणव्याच्या प्रदेशात धोक्याचे ठरते, तर टिनाचा पत्रा बांबू-मातीच्या दुसऱ्या छतासह उपकारक ठरतो.

३) छपरावरील पावसाच्या पाण्यातून निवाऱ्याची मर्यादित गरज भागू शकते, गावाच्या पाण्यावर भार टाकण्याचे कारण उरत नाही.

४) वन्य श्वापदांच्या प्रदेशात शौचालय, पाणी व झोपण्याची जागा एकाच छपराखाली असणे ही सुरक्षिततेची प्राथमिक अट होय.

५) गाभा क्षेत्राबाहेरील स्थान व ग्रामसभेचे नियंत्रण यांवाचून असा निवारा उभारू नये.

या विषयात भूगोल, वनस्पतिशास्त्र, स्थापत्य, समाजशास्त्र व अर्थशास्त्र या विद्याशाखा एकत्र येतात. एखाद्या महाविद्यालयाने राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराच्या निमित्ताने मेळघाटच्या पायथ्याशी कुडाच्या व मातीच्या भिंतींचे नमुने उभारून त्यांच्या तापमानाची वर्षभर नोंद ठेवली, तर या लेखातील अनुमाने तपासून पाहता येतील आणि विद्यार्थ्यांना आपल्याच जिल्ह्यातील घरांकडे नव्याने पाहण्याची दृष्टी लाभेल. कोरकू कारागिरांच्या हातातील ज्ञान लिखित स्वरूपात फारसे नाही. पत्रा व सिमेंट यांच्या प्रसाराबरोबर कुड विणणारे हात कमी होत जाणार, हे उघड आहे. ते हात असेपर्यंत त्यांच्याकडून शिकून घेणे, हे निवारा उभारण्याइतकेच निकडीचे कार्य आहे.